चाकणची मोठी, मॅटिगहोफेनची छोटी

केटीएमच्या 65 एसएक्सवर गेल्या वेळी लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांत एकच वाक्य इतक्यांदा आलं की या आठवड्यात दुसरा विषय हातात घेववला नाही. ‘आपल्याकडे लहान मुलांच्या मोटोक्रॉस गाडीला गिऱ्हाईक कुठे आहे?’ विचारणाऱ्यांत गाड्यांवर मनापासून जीव असलेली माणसं आहेत, म्हणून चीड जास्त आली. गाडी परवडत नाही म्हणून मुलं नाहीत, मुलं नाहीत म्हणून गाडी स्वस्त होत नाही, आणि या फेऱ्यात दर चार वर्षांनी मुलांची एक तुकडी वयाबाहेर जाते. 65 सीसीचं वय साधारण आठ ते बारा. ते एकदा गेलं की परत येत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमने मुलांच्या तीन टू-स्ट्रोक गाड्या भारतात रीतसर आणल्या. 50 एसएक्स पावणेपाच लाख, 65 एसएक्स 5 लाख 47 हजार, 85 एसएक्स 6 लाख 69 हजार, सगळ्या किमती एक्स-शोरूम. त्याच सुमारास त्याच कंपनीची 390 ड्यूक सव्वातीन लाखांच्या आत मिळत होती. सहापट मोठं इंजिन, एबीएस, दिवे, रंगीत पडदा, नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवायची मुभा, आणि तरीही 65 एसएक्सपेक्षा दोन लाखांहून जास्त स्वस्त. कारण उघड आहे. ड्यूक चाकणला बनते, छोटी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनहून जहाजाने येते. बजाजने केटीएममध्ये पहिला हिस्सा 2007 मध्ये घेतला. जानेवारी 2023 मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस ऑस्ट्रियातली मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, आणि वर्षभराने तिचा ताबाच बजाजकडे आला. म्हणजे जगभरच्या मुलांना शर्यत शिकवणाऱ्या गाडीचं भवितव्य आज बजाजच्या आकुर्डीत ठरतं. डोंबिवलीजवळच्या कोपरहून शिळफाटा, पनवेल, तळेगाव करत चाकणला सकाळी निघून जेवणापर्यंत पोचता येतं, आणि तिथे जी गाडी बनायला हवी ती बनत नाही. ही एवढी एक गोष्ट मला बाजाराच्या सगळ्या हिशोबांपेक्षा बोलकी वाटते.

किमतीतला फरक सगळा आयातीचा नाही, हे मान्य करायलाच हवं. 65 एसएक्स खेळणं नाही. वजन 55 किलोच्या आसपास, सहा गिअर, हायड्रॉलिक क्लच, पाण्याने थंड होणारं इंजिन, पुढे 14 आणि मागे 12 इंची चाक, उड्या झेलणारं लांब चालीचं सस्पेन्शन. देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात; ठरावीक तास भरले की पिस्टन आणि रिंग बदलायची. हा सगळा माल कमी संख्येत बनतो, म्हणून महाग पडतो. पण ‘कमी संख्या’ म्हणतानाही जरा थांबावं. हुस्कवार्नाची टीसी 65 आणि गॅसगॅसची एमसी 65 याच घराण्यातल्या, त्याच इंजिनावरच्या गाड्या. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात या वर्गात मुलं नियमाने उतरतात. चाकणची 390 युरोपातल्या दुकानात विकली जाते, तर तिथल्या मुलांसाठी 65 इथून का जाऊ नये? डोंबिवलीत पाच गिऱ्हाइकं आहेत की पन्नास, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. चाकण हा लाखांच्या हिशोबाने चालणारा कारखाना आहे, छोट्या तुकड्या त्याला जड जातील, ही अडचण खरी आहे. ती कारखान्याने सोडवायची अडचण आहे, गिऱ्हाईक नसल्याचा पुरावा नव्हे.

काहींचा आक्षेप टू-स्ट्रोकवरच आहे. आरएक्स 100 धुराच्या नियमांमुळे 1996 मध्ये थांबली, मग तोच धूर मुलांच्या नाकाशी कशाला, सरळ इलेक्ट्रिक द्या, असं त्यांचं म्हणणं. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मीही इलेक्ट्रिकच सुचवीन. केटीएमचीच एसएक्स-ई 5 त्यासाठी आहे. पण 65 चं काम वेगळं आहे. सुरुवातीच्या गेटपाशी नऊ वर्षांची मुलगी दोन बोटं क्लचवर ठेवून इंजिन चढवते. गेट पडलं की क्लच फटकन सोडला तर पुढचं चाक उचलतं, दबकत सोडला तर इंजिन बसतं आणि बाकीच्या गाड्या पुढे निघून जातात. छोट्या टू-स्ट्रोकची ताकद खालच्या फेऱ्यांत जवळपास नसते आणि वर गेल्यावर एकदम येते. ती कुठे येते हे कानाने ओळखून गिअर आणि क्लच जुळवणं, ही या खेळाची बाराखडी आहे. फोर-स्ट्रोकपेक्षा इंजिन हलकं, व्हॉल्व्हची भानगड नाही, त्यामुळे मुलाच्या अंगाला पेलेल अशी गाडी होते आणि वरचा भाग उघडून पिस्टन बदलायला मोठं गॅरेज लागत नाही. वस्तीपासून दूर आखलेल्या ट्रॅकवर काही तास चालणाऱ्या मोजक्या गाड्यांच्या धुरावर बंदी मागणाऱ्यांनी शिळफाट्यावर संध्याकाळी खोळंबलेल्या डिझेल गाड्यांचाही विचार करावा.

मूल पडेल, हाड मोडेल, ही भीती मात्र मी हलक्यात घेत नाही. मनगट आणि गळपट्टीचं हाड या खेळात मोडतं. म्हणूनच हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड, घोट्यावर जाणारे बूट यांच्याशिवाय मुलाला ट्रॅकवर सोडता कामा नये, आणि ट्रॅकवर निदान सगळ्यांच्या गाड्या एकाच दिशेने धावतात. याच्या उलट, आपल्या रस्त्यांवर पंधरा वर्षांची मुलं शंभर किलोंहून जड 110 सीसीच्या स्कूटरवर तिघं बसून उलट्या बाजूने येतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो, तरी चावी घरातूनच मिळते. वेगाची ओढ त्या वयात असतेच. ती कुठे भागवायची याची जागा आपण दिलेली नाही. खाडीकाठची कांदळवनं सोडूनही पाचशे मीटरचा मातीचा ट्रॅक मावेल अशी जमीन ठाणे जिल्ह्यात आहे.

मुलांच्या हाती गाडी नसल्याचा परिणाम वरच्या पायरीवर दिसतो. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग सुरू झाली. 450 आणि 250 सीसीचे आंतरराष्ट्रीय वर्ग परदेशी स्वारांचे, आपल्या मुलांना आशियाई स्वारांबरोबर 250 चा वेगळा वर्ग. ज्यांच्याशी त्यांना एक दिवस भिडायचं आहे ते कुठे घडतात ते पाहा: स्पेनचा होर्हे प्रादो 2011 मध्ये, दहा वर्षांचा असताना 65 सीसीचा ज्युनिअर जगज्जेता होता, 2023 आणि 2024 मध्ये एमएक्सजीपीचा, म्हणजे मोटोक्रॉसच्या सर्वोच्च वर्गाचा. आपल्या पुण्या-नाशिकच्या मुलांत कसब कमी नाही, पण योग्य मापाची गाडी त्यांच्या हाती उशिरा येते, किंवा येतच नाही.

हा श्रीमंतांचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. साडेपाच लाखांना तो तसाच राहणार. चाकणमध्ये आज निर्णय झाला तरी गाडी बाहेर पडायला काही वर्षं जातील, आणि आज आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर 85 वर बसायच्या वयाचं झालेलं असेल. त्याच्यासाठी लगेच करता येण्याजोगी गोष्ट एकच आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पाने 1600 सीसीपर्यंतच्या तयार आयात मोटरसायकलींवरचं शुल्क 50 वरून 40 टक्क्यांवर आणलं. आरटीओत जिची नोंदच होऊ शकत नाही, जिला दिवा नाही, आरसा नाही, त्या गाडीवर रस्त्यावरच्या गाडीचं शुल्क कशासाठी? फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेल्या क्लबांना 85 सीसीपर्यंतच्या स्पर्धेच्या गाड्या शुल्काविना आणू द्या, गाडी क्लबच्या नावावर राहू द्या, आणि एका गाडीवर चार मुलांना आळीपाळीने शिकू द्या.