विमानाला घाबरणाऱ्या आईला हसू नका

बाळंतपणासाठी महाळुंगे पडवळला माहेरी आलेली लेक तीन-चार महिन्यांनी परत निघते. नवऱ्याची नोकरी दिल्ली-बंगळूरकडे असेल, तर लोहगावहून विमान. तिकीट निघाले की तिची झोप उडते. घरचे म्हणतात, "एवढी शिकलेली, आणि विमानाला घाबरते?"

माझ्या मते हा भित्रेपणा नव्हे. काल एकटीचा जीव होता, आज मांडीवर दुसरा आहे. त्यात रात्रीची जागरणे. अशा वेळी मन जिथेतिथे धोका शोधते. पूर्वी निर्धास्तपणे विमानात बसलेल्या बाईलाही असे होऊ शकते.

भगिनींनो, विमान हादरते ते हवेच्या प्रवाहांमुळे. असे हादरे सोसण्याच्या हिशेबानेच त्याची बांधणी केलेली असते. आपण पट्टा बांधून बसावे. विमान चढताना-उतरताना बाळाला पाजावे. गिळण्याने कानांतला दडा कमी होतो. छाती धडधडू लागली तर श्वास घेतला त्याहून सावकाश सोडावा. भीती वाटते हे हवाईसेविकेला मोकळेपणाने सांगावे. झोपेची किंवा भीतीची गोळी मनाने घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

मात्र घरी असतानाही भीती पाठ सोडत नसेल, बाळ झोपले तरी डोळा लागत नसेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा किंवा शासनाच्या टेली मानसला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे.

घरच्यांनी एवढेच करावे: हसू नये, आणि जमल्यास सोबत जावे.