बक्षिसी आणि वेतन

उपाहारगृहातील वेटरला बिलाच्या पाच टक्के टीप द्यावी की दहा, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय शिष्टाचारात मोडू लागला आहे. एखादा नट जेवणानंतर भरघोस रक्कम ठेवून गेला की त्याच्या औदार्याची बातमी होते. एखादी तारका काहीच न ठेवता उठली की तिच्या कंजूषपणाची होते. या दोन्ही बातम्यांत एक माणूस कोठेच नसतो. तो म्हणजे उपाहारगृहाचा मालक. वेटरला महिनाकाठी पगार किती, कामाचे तास किती, हे कोणी विचारीत नाही. चर्चा गिऱ्हाइकाच्या मनाच्या मोठेपणाची होते आणि वेतनाचा प्रश्न तिच्याआड दडून राहतो.

वेतन हा करार आहे. काम किती व मोबदला किती हे आधी ठरते. थकले तर मागता येते. मागून न मिळाल्यास दाद मागता येते. बक्षिसीचे तसे नाही. ती देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असते. ती मागणे म्हणजे लाचारी आणि न मिळाल्याची तक्रार म्हणजे उद्धटपणा. हीच बक्षिसी जेव्हा उत्पन्नाचा मुख्य भाग बनते, तेव्हा धंद्यातील जोखीम मालकाच्या गल्ल्यावरून नोकराच्या खिशावर सरकते. पावसाने गिऱ्हाईक आले नाही, तर त्या रात्री पहिला तोटा वेटरचा.

बक्षिसीमुळे सेवा चांगली होते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण आगगाडी चालविणाऱ्याला किंवा शाळेतील शिक्षकाला आपण टीप देत नाही, म्हणून ते काम वाईट करतात असे कोणी म्हणत नाही. ज्यांनी वाकून उभे राहावे अशी आपली अपेक्षा असते, त्यांनाच आपण बक्षिसी देतो.

या प्रथेची पूर्ण वाढ पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे. गुलामगिरी संपल्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत काळे नोकर नेमले. पगार तुटपुंजा ठेवला आणि बाकीचे प्रवाशांच्या टीपेवर सोडले. मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी त्या प्रत्येक नोकराला ‘जॉर्ज’ अशीच हाक मारीत. धन्याच्या नावाने गुलाम ओळखण्याची ती जुनीच रीत होती. 1925 साली समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या नोकरांनी संघटना उभी केली. बारा वर्षे झुंजून 1937 साली त्यांनी कंपनीला करारावर सही करण्यास भाग पाडले. प्रवाशांनी अधिक उदार व्हावे, ही त्यांची मागणी नव्हती. पगार वाढावा आणि कामाचे तास ठरावेत, ही होती. जेथे अशी संघटना उभी राहू शकली नाही, तेथे काय घडले हेही पाहण्यासारखे आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावयाचे किमान वेतन अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने ताशी 2 डॉलर 13 सेंट ठरविले आहे. 1991 पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. काही राज्यांनी अधिक दर लावले, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे वारे त्याच दिशेने वाहत आहेत. उपाहारगृहांनी बिलात सेवा आकार सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली बजावले; दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. हा आकार नोकरांसाठी आहे, असे मालकांच्या संघटना सांगत होत्या. तसे असेल, तर ती रक्कम पगारात घालण्यास त्यांना कोणी अडविले होते? आता मोबाइलवरून बोलाविलेल्या टॅक्सीसाठी गाडी येण्याआधीच टीप कबूल करण्याची सोय निघाली, आणि मे 2025 मध्ये त्याच प्राधिकरणाला एका कंपनीला नोटीस काढावी लागली. चालकाचे भाडे कंपनी ठरविते, ते अपुरे पडले की ग्राहकाने भर घालायची, असा हा व्यवहार आहे.

कलेच्या क्षेत्रात बक्षिसीचे रूप अधिक उघडे पडते. तमाशातील आणि संगीत बारीतील दौलतजादाची प्रथा वाचकांना परिचित आहे. लावणी चालू असता कोणी हौशी नोट पुढे करतो आणि नाचणारी स्त्री ती घेण्यासाठी त्याच्यापर्यंत येते. पैसा कलेला दिला असे म्हटले जाते. देणाऱ्याला त्यातून घटकाभराची जहागिरी मिळते. मुंबईतील नृत्य-बारसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये नोटा उधळण्यास मनाई कायम ठेवली, पण टीप देण्यास मुभा दिली. उधळण्यात अप्रतिष्ठा आहे हे न्यायालयाने ओळखले. मात्र पोट टीपेवरच अवलंबून असेल, तर नोट हातात दिल्याने प्रतिष्ठा कितीशी वाढणार?

विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. तरी त्यांचे उतारवय ओढाताणीत गेले आणि 2002 साली त्या वारल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. नामवंतांच्या पूजेची संस्कृती ही अशी असते: टाळ्या, शाल, श्रीफळ, आणि वृद्धपणी पुन्हा मदतीचे आवाहन. फडातील ज्या ढोलकीवाल्याचे किंवा सोंगाड्याचे नावही कोणास ठाऊक नसते, त्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

खाजगी मालकांना बोल लावताना शासनाकडेही पाहिले पाहिजे. अंगणवाडी सेविकेला आणि वृद्ध कलावंताला शासन जे देते, त्याला ‘मानधन’ म्हणतात. शब्द गोड आहे. पण मानधनात महागाई भत्ता आपोआप येत नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून 2022 साली वदवून घ्यावे लागले.

या ‘ग्रॅच्युइटी’ शब्दाचाच इतिहास आपल्याला वाट दाखवितो. इंग्रजीत तो टीपेलाही लावतात. निवृत्त होणाऱ्या नोकराच्या हातावर धनी खुशीने काही ठेवी, ती ग्रॅच्युइटी. कामगार चळवळीच्या रेट्याने आपल्या देशात 1972 साली कायदा झाला, आणि सलग पाच वर्षे नोकरी केलेल्या कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हक्काने मिळू लागले. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीनुसार मुदतबंद नोकरांना हा हक्क एका वर्षानंतरच मिळतो. कालची बक्षिसी आज हक्क झाली. नाव तेच राहिले, देणाऱ्याची मर्जी मात्र गेली.

मग टीप द्यावी की न द्यावी? जरूर द्यावी. तत्त्वाच्या नावाखाली वेटरच्या पोटावर पाय देण्यात काही क्रांती नाही. शक्यतो ती रोख, त्याच्याच हातात आणि गाजावाजा न करता द्यावी. परंतु ती दिली म्हणजे आपले देणे फिटले, असे समजू नये. आपल्या गावातील उपाहारगृहांत किमान वेतन मिळते काय, हजेरीपट खरे आहेत काय, जत्रेत येणाऱ्या फडातील कलावंतांशी लेखी करार होतो काय, याची चौकशी कार्यकर्त्यांनी करावयास हवी. हे काम दहा रुपयांच्या नोटेने होणारे नाही. त्यासाठी त्या माणसांच्या शेजारी जाऊन बसावे लागेल.