ठासणीची बंदूक आणि उभे पीक

सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीच्या परवान्याची चर्चा करणे कित्येकांना विसंगत वाटेल. परंतु १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत लोकनियंत्रणाखाली आत्मसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने देण्याचीही मागणी होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याची सल त्या पिढीच्या मनात खोलवर होती.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, पोलीस अहवाल पाहून व अन्य कायदेशीर बाध नसल्यास, परवाना द्यावयाचा, असे त्याचे कलम १३ सांगते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ बजावते. नळीच्या तोंडातून दारू व छर्रे भरून ते गजाने ठासावयाचे, मग एक बार निघणार. असे हे संथ हत्यार आहे. लहान शेतकऱ्याची गरज ओळखूनच कायद्याने त्यास वेगळे स्थान दिले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मग अडचण कोठे आहे? हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार रानडुक्कर व रोही हे संरक्षित प्राणी असून, २०२२ च्या दुरुस्तीने ते दुसऱ्या अनुसूचीत आले आहेत. उभ्या पिकास त्यांच्यापासून धोका असल्यास कलम ११ अन्वये प्राधिकृत वनाधिकारी सकारण लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. म्हणजे बंदुकीचा कागद जिल्हाधिकारी कचेरीत, बार काढण्याचा कागद वनखात्यात आणि डुकरांचा कळप मात्र रात्री तुरीत!

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर वन्यजीवरक्षणाचा लाभ साऱ्या समाजाचा, पण त्याचा खर्च जंगलालगतच्या शेतकऱ्याचा. भरपाई मिळते ती पिकाच्या नुकसानीची. जागलीत गेलेल्या रात्रींचा हिशेब कोण ठेवतो? कायदेशीर मार्ग लांबचा ठरला की माणूस जवळचा बेकायदा मार्ग धरतो. ब्रह्मपुरी परिसरातून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा तालुक्यात शेताच्या वीजप्रवाही तारेला लागून मेली. माणसांचे बळी गेल्याने तिला ठार करण्याचा आदेश निघाला होता, हे खरे. पण तिला मारले ते त्या आदेशाने नव्हे, तर पिकासाठी लावलेल्या तारेने. तार डुक्कर, वाघ आणि माणूस यांत भेद करीत नाही. बंदूक धरणारा निदान पाहून नेम धरतो.

याचा अर्थ घरोघर बंदुका वाटाव्यात, असा मुळीच नाही. पिकाच्या नावाखाली चोरटी शिकार होऊ शकते आणि अपघातही घडू शकतात. म्हणूनच दोन्ही अर्ज एकाच ठिकाणी स्वीकारावेत, पेरणीपूर्वी त्यांचा निकाल लावावा, आणि गावातील मोजक्या प्रशिक्षित परवानाधारकांनी झाडलेल्या प्रत्येक बाराचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. १९३० च्या मागणीतील लोकनियंत्रण ते हेच. कायद्याने एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने लांबणीवर टाकला, तर शेतकरी कायदा सोडून तारेकडेच वळेल.