दादीची करंजी, नातीचा पास्ता

घरात एखादे ताट वेगळे वाढले जाऊ लागले की वडीलधाऱ्यांच्या मनाला ते लागते. उपवासाचे पारणे वेगळे, आजाऱ्याचे पथ्य वेगळे. त्यांची सवय असते आणि ती चार दिवसांत संपतात. परंतु विशीतली नात पुण्याहून शिक्षण संपवून येते, सकाळच्या चहाला हात लावत नाही, फुलक्यावरचे तूप नको म्हणते आणि आपण आता वीगन आहोत असे जाहीर करते, तेव्हा ते ताट किती दिवस वेगळे राहणार, याचा अंदाज कोणालाच येत नाही. खानदेशातील व्यापारी जैन कुटुंबांत अशी घरे आज थोडी नाहीत. त्यांतील एक साक्रीचे आहे असे समजावे. सुरत-धुळे महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. पुढे किराणा-भुसाराचे दुकान, मागे घर, माजघरात तिजोरीइतक्याच काळजीने जपलेली तुपाची बरणी.

त्या बरणीवरूनच सारे सुरू झाले. तूप दादी स्वतः कढवीत. नातीने तूप नाकारले म्हणजे आपला वाढणारा हात नाकारला, असे त्यांना वाटले. नातीचे म्हणणेही पोकळ नव्हते. आज बाजारात येणारे दूध ज्या व्यवस्थेतून येते तीत वासराच्या वाट्याला काय उरते, हा तिचा प्रश्न होता आणि अहिंसेचा पाठ तिने याच घरात गिरवला होता. दोघींपैकी कोणीही मागे हटेना. बापू दुकानाच्या वह्यांत मान घालून बसत, आणि आई दोन भाज्या, दोन डाळी, दोन प्रकारचे फुलके करून थकून जाई.

‘वीगन’ हा शब्द तसा फार जुना नाही. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रूढ केला. मांसाहाराबरोबरच दूध, अंडी, मध असे प्राण्यांपासून मिळणारे सर्व पदार्थ वर्ज्य करणाऱ्यांसाठी त्यांना नाव हवे होते. जैन आहाराशी त्याचे नाते सख्ख्याचे नव्हे, चुलत भावाचे आहे. मध दोघांनाही चालत नाही. परंतु वीगन माणूस कांदा, लसूण, बटाटा, अळंबी, यीस्ट घातलेला पाव हे सारे निःशंकपणे खातो, आणि जैन गृहस्थ दूध-तूप घेतो. म्हणून पुस्तकातील वीगन कृती जशीच्या तशी आपल्या चुलीवर चढत नाही, आणि आपल्या घरची रोजची कृती वीगन पाहुण्याला चालत नाही. दोन्ही चाळण्यांतून जे खाली उतरेल तेच दोघांचे.

मात्र एक गोष्ट नातीच्या आधी आईच्या लक्षात आली. चैत्र आणि आश्विन महिन्यांत नवपद ओळीचे नऊ दिवस दादी आयंबिल करीत आल्या आहेत. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळलेले असे सारे विगय सोडून, हिरवी भाजीही न घेता, दिवसातून एकदाच केलेले ते जेवण. दुधाच्या थेंबाशिवाय धान्य आणि डाळ चवदार कशी करावी, हे या घरात कोणाला ठाऊक असेल तर ते दादींना. आईने ते बोलून दाखविले नाही. तिने फक्त एवढेच विचारले, “हिला भरलेला पास्ता खायचा आहे. विकतचा चालत नाही. घरी होईल का?”

विकतचा का चालत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पास्त्याचा देश इटली. पण तिथेही उत्तर आणि दक्षिण निराळी. दक्षिणेत कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता होतो. सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा, असा कायदाच इटलीने 1967 साली केला. उत्तरेकडे, बोलोन्याच्या परिसरात, ताज्या पास्त्याचे पीठ अंड्यात मळतात आणि प्रसिद्ध भरलेले प्रकार तिकडचेच. तेथील तोर्तेलिनीच्या पारंपरिक सारणात तर डुकराचे मांस असते. शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पनीर-पालकाच्या प्रकारांतही पिठात अंडे असू शकते. आणि त्यावर किसून घालण्याचे पार्मेसान चीज परंपरेने वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. आपल्याकडील वेष्टनावरचा हिरवा ठिपका अंड्यापासून वाचवतो, परंतु दूध आणि मध त्याला वर्ज्य नाहीत, कांदा-लसूण तर नाहीच नाही. वीगन पदार्थांसाठी भारतात 2022 साली स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह आले. तेही कंदमुळाबद्दल काही सांगत नाही. तेव्हा पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचावीत, किंवा घरी करावे.

“अंड्याशिवाय पीठ एकसंध राहील का?” ही शंका नातीची. दादी हसल्या. खानदेशात खापरावरचे मांडे होतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत एवढा मोठा करतात की तो कोपरापर्यंत येतो, तरी फाटत नाही. त्याला कोणते अंडे लागते? पिठाला ताण देतो तो गव्हातला चिकटपणा; त्यासाठी मळणे आणि मुरणे, दोन्ही हवे. इटलीचा तो कठीण गहूही आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो तो याच जातीचा, आणि बन्सी रवा भुसाराच्या दुकानात मिळतोच. हे घर तर स्वतःच दुकानदाराचे.

मार्गशीर्षातला दिवस निवडला. चातुर्मास संपलेला, म्हणून पालेभाजी चालणार होती, तिथी नव्हती. पण हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बापूंचा चौविहार असतो. म्हणजे सव्वापाचला ताटे मांडली गेली पाहिजेत. या पदार्थाला तीन तास लागतात, तेव्हा दोन वाजता पीठ भिजलेच पाहिजे. परदेशी कृतींत ‘पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा’ असे सर्रास लिहिलेले असते. ओले पीठ वासी ठेवणे आपल्याकडे नाही, त्यामुळे लागेल तेवढेच भिजवायचे.

सहा माणसांना 400 ग्रॅम रवा पुरतो. बाजारचा बन्सी रवा दाणेदार असेल तर मिक्सरमधून फिरवून बारीक करावा. त्याचे चार सारखे भाग करावेत. प्रत्येक भागाला साधारण 50 मिलिलिटर ओलावा, म्हणजे वजनाने रव्याच्या निम्मा. रंग या ओलाव्यातूनच येतो.

रंगांची निवड ही खरी गंमत, आणि खरी अडचणही. पुस्तकांत लाल-गुलाबी रंगासाठी बीट आणि केशरीसाठी गाजर सांगतात, दोन्ही कंदमुळे. जांभळ्यासाठी लाल कोबी सांगतात. जीवजंतूंच्या भीतीने पुष्कळ घरे कोबी घेत नाहीत. निळ्यासाठी गोकर्णाची फुले सुचविणारेही आहेत, पण फुले खाणे सगळ्यांना मान्य होईल असे नाही. उरते काय? दादींनी बोटांवर मोजले: हळद, पालक, टोमॅटो, नागली. पुरे झाले.

पिवळ्यासाठी कोमट पाण्यात पाव चमचा हळद. ओली हळद कंदमूळ, वाळलेली चालते; सुंठीचे जसे तसेच. पाण्यात चिमूटभरही सोडा जाऊ देऊ नये, नाहीतर हळद लालसर होते. साबणाने धुतलेल्या हळदीच्या डागासारखी. हिरव्यासाठी पालकाची मूठभर पाने नीट निवडून, धुऊन, उघड्या पातेल्यात उकळत्या पाण्यात मिनिटभरच ठेवावीत. झाकण ठेवले आणि जास्त शिजली की पाने मळकट होतात. पुस्तके पुढे ती बर्फाच्या पाण्यात टाकायला सांगतात. बर्फ अभक्ष्यात मोडतो; माठातल्या गाळलेल्या गार पाण्याने तेच काम होते. पाने घट्ट पिळून वाटावीत, वरून पाणी घालू नये. लाल रंगासाठी दोन टोमॅटो शिजवून, साल आणि बिया गाळून, रस निम्म्यावर आटवावा आणि त्यात लाल मिरचीची पूड घालावी. नंदुरबारची मिरची शेजारचीच. रंगाला ती उणी पडत नाही, तिखटाचा मात्र अंदाज घ्यावा. नुसत्या टोमॅटोवर भरवसा ठेवला तर शिजल्यावर रंग फिका नारिंगी होतो. चौथ्या भागात 20 ग्रॅम रवा काढून तितकेच नागलीचे पीठ घालावे. त्याहून अधिक नको, कारण नागलीला चिकटपणा नाही आणि पारी तुटते.

प्रत्येक गोळा दहा मिनिटे तळहाताच्या बुडाने रेटून मळायचा. सुरुवातीला तो हट्टी वाटतो, भुसभुशीत राहतो. घाबरून पाणी घालू नये. मग पातेल्याखाली अर्धा तास झाकून ठेवला की तोच गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ होतो.

तोवर सारण. जैन घरात बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने केव्हाच घेतली आहे, आणि जळगाव जिल्हा तर केळ्यांचाच. तीन कच्ची केळी सालासकट उकडून, किसून, त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट, हिंग, सुंठ, हिरवी मिरची, लिंबू आणि मीठ. आले नाही म्हणून सुंठ, लसूण नाही म्हणून हिंग. दुसरे सारण दादींनी आपल्या मनाने केले: वाटीभर तूरडाळ मऊ शिजवून, पुरणासारखी आटवून, जिरे-ओव्याच्या फोडणीत कोरडी केलेली. ओव्याचा वास आला तेव्हा नात चमकली. पिझ्झ्याच्या दुकानातला तो ओळखीचा गंध! ओव्यात थायमॉल हे द्रव्य भरपूर असते आणि इटालियन स्वयंपाकातल्या थाइम, ओरेगॅनो या पाल्यांच्या वासातही तेच किंवा त्याचे जवळचे भावंड असते. दोन्ही सारणे हाताला चिकटणार नाहीत इतकी कोरडी हवीत. ओल्या सारणाने पारी आतून भिजते आणि पाण्यात फुटते.

पुढचे काम दादींच्या हाती आपोआपच गेले. पोळपाटावर पातळ पोळी, वाटीने गोल पाडलेल्या चकत्या, मध्ये चमचाभर सारण, कडेला पाण्याचे बोट, अर्धी घडी आणि वरून करंजीचे कातणे. नातीने पहिली दहा केली. त्यांतली चार उघडी पडली. “हवा आत ठेवतेस,” दादी म्हणाल्या. “आधी सारणाभोवती दाब, मग कड मिटव. हवा तापली की ती बाहेर पडायला वाट शोधते.” नात म्हणाली, “दादी, तुम्ही हे आधी केलंय?” “दिवाळीला दरवर्षी करते. फक्त तळते.” तासाभरात शंभराच्या आसपास झाल्या, कोरड्या रव्यावर, एकमेकींना न चिकटता, चार रंगांच्या ओळींत.

उकळण्यात घाई नको. रुंद पातेल्यात भरपूर पाणी, मीठ. पाणी खळखळत असेल तर करंज्या आपटून फुटतात, म्हणून आच मंद करावी. एका वेळी एकच रंग, आधी पिवळ्या, मग हिरव्या, मग लाल, शेवटी नागलीच्या. वर तरंगल्या म्हणजे झाल्या असे पुस्तके म्हणतात. अंड्याशिवायच्या जाड कडेला त्यानंतर दोन मिनिटे आणखी द्यावीत. एक काढून कड चावून पाहावी.

रस्सा टोमॅटोचा, शेंगदाणा तेलात. मलईऐवजी अर्धा तास गरम पाण्यात भिजवलेले 50 ग्रॅम काजू गंधासारखे वाटून घातले. त्याने दाटपणाही येतो आणि आंबटपणाही मवाळ होतो.

पाच वाजता बापू दुकानातून आत आले. आईने सवयीप्रमाणे दोन वाडगी काढली: एकीत नातीसाठी हा रस्सा, दुसरीत इतरांसाठी ताज्या दह्यात कालवलेली चटणी. दादींनी दुसरी वाटी हाताने बाजूला केली. “आत तुरीची डाळ आहे. वर कच्चं दही घालशील तर द्विदल होईल.” कडधान्याशी न तापवलेले दूध-दही-ताक एकत्र करायचे नाही, हा नियम या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दही आधी चांगले तापवून घेतले असते तर प्रश्न सुटला असता, हे दादींना पुरेपूर ठाऊक होते. त्या बोलल्या नाहीत. दही फडताळात गेले आणि त्या संध्याकाळी सहा ताटांत एकच रस्सा वाढला गेला.

तुपाचा वाद मिटला असे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादींच्या फुलक्यावर तूप होते, नातीच्या फुलक्यावर नव्हते. पण चैत्राच्या ओळीला आयंबिलाचे काय काय करता येईल, याची विचारणा मात्र नातीने त्याच रात्री केली. आणि तिथीच्या दिवशी पालक-टोमॅटो वगळून नुसत्या हळद, मिरची आणि नागलीवर तीन रंग निघतील, हे दादींनी आपणहून सांगितले. सारण अर्थात तुरीचेच.

चार रंगांच्या कातरणी उरल्या होत्या, साधारण मूठभर. सूर्यास्ताला वीस मिनिटे होती. दादींनी त्या चौकोनी तुकडे करून डाळीच्या पातेल्यात सोडल्या, आणि बापूंनी शेवटची वाटी डाळ-ढोकळी म्हणून संपवली.