भरतीशी भांडण

प्रवासात दोन आगगाड्यांच्या किंवा हल्ली दोन विमानांच्या मध्ये जे रिकामे तास पदरी पडतात त्यांचे सार्थक कसे करावे, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींना अलीकडे फारच सतावू लागला आहे. बहुतेकांनी त्याचे उत्तरही परस्पर ठरवून टाकले आहे. त्या तासांत जितकी स्थळे उरकता येतील तितकी उरकावी, म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वसूल झाले! विषुववृत्तानजीकच्या सिंगापूर बेटावर तर विमान बदलणाऱ्या उतारूंना सुमारे अडीच तासांची नगरसहल फुकट घडविली जाते. तिला आमची हरकत नाही. मात्र ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. घड्याळ हातात घेऊन फिरणारा हा प्रवासी आता आमच्या किनाऱ्याच्या दारात आला आहे. तेव्हा त्याच्या मताची परीक्षा करण्यास हाच काळ योग्य होय.

गेल्या हिवाळ्यात आमचा एक भाचा परदेशाहून पत्नी व आठ वर्षांच्या कन्येसह मुंबईस उतरला. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचे. “मामा, मधला दिवस फुकट जाता कामा नये,” असे त्याने आधीच कळविले होते. एक किल्ला, दोन समुद्रकिनारे आणि मासळीचे जेवण असा बेत त्याने आखला होता. किल्ला अलिबागचा कुलाबा. “कुलाबा तर मुंबईत ना?” असे त्याने विचारले, तेव्हा १९८१ पर्यंत हा सारा जिल्हाच त्या किल्ल्याच्या नावाने ओळखला जात होता, हे आम्हांस सांगावे लागले.

दिवस अष्टमीचा होता. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. अष्टमीची ओहोटी उथळ, म्हणून गुडघाभर पाण्यातून आम्ही किल्ल्यात गेलो. वीस मिनिटांत भाच्याची छायाचित्रे आटोपली. परंतु निघणार तोच त्याच्या कचेरीतून फोन आला, आणि तटावर येरझारा घालीत तो तासाहून अधिक वेळ बोलत राहिला. आम्ही दरवाजाशी आलो तेव्हा पायी उतरण्यास पाणी फार झाले होते आणि होडी लागण्यास थोडे होते. “पाणी चढू द्या, मग नेतो,” असे किनाऱ्यावरच्या नावाड्याने फोनवर शांतपणे सांगितले. अडीच तास आम्ही बेटावर अडकलो.

येथे आमच्या वादास आरंभ झाला. भाचा म्हणाला, “एवढ्या वेळात लोक सिंगापूर पाहून येतात, मामा! येथवर एक पूल बांधून टाकला म्हणजे ही कटकट कायमची मिटेल.”

पूर्वपक्ष दुबळा नाही हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. वृद्धांनी आणि लेकुरवाळ्या स्त्रियांनी खडकांवरून ठेचाळत का जावे? भरतीचा अंदाज चुकून माणसे संकटात पडतात, तेही खोटे नव्हे. यासाठी सुरक्षित होड्या हव्यात, तरबेज जीवरक्षक हवेत, आणि भरती-ओहोटीच्या वेळा ठळक मराठीत लिहिलेला फलक हवा. या मागण्यांवर आम्ही भाच्याच्या पुढे दोन पावले जाऊ. पण त्याला यांपैकी काहीच नको होते. त्याला भरतीच नको होती! आणि ज्या स्थळाचा जन्मच भरतीमुळे झाला, त्याची भरती काढून घेतल्यावर पाहावयास उरते काय? शिवछत्रपतींनी आयुष्याच्या अखेरीस, १६८० साली, हा खडक दुर्गासाठी निवडला तो दिवसातून दोनदा बेट होतो म्हणूनच. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या संयुक्त सैन्याने कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर चाल केली व अपयश घेतले. त्याचे सारे श्रेय समुद्रास देणे अतिशयोक्तीचे होईल. तरी समुद्र कोणाच्या बाजूचा होता हे सांगावयास नको.

आता त्या ‘वाया गेलेल्या’ अडीच तासांचा जमाखर्च मांडू. भाच्याने दोन तोफांचे चित्र ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून आप्तेष्टांस केव्हाच धाडले होते. नातीने त्यांवरील इंग्रजी अक्षरे वाचून दाखविली: यॉर्कशायरातील लो मूर येथील लोखंडाचा कारखाना, साल १८४९. आंग्र्यांचे राज्य कंपनी सरकारने १८४० च्या सुमारासच खालसा केले होते! वीस मिनिटांनी जे असत्य पसरविले ते फुरसतीने दुरुस्त केले. पुढे तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले तिला दिसले. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा मार बोथट होतो, हे मी तिला सांगितले. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधविलेल्या गणपतीच्या देवळात आम्ही निवांत बसलो. तेथे तिने विचारले, “आजोबा, चोहोंकडे खारे पाणी, मग किल्ल्यातले पाणी गोड कसे?” तिचा बाप गप्प. मीही क्षणभर अडखळलो. मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने बेटांवर पुष्कळदा त्याच्या वर तरंगून राहते, हे मला अंमळशाने आठवले.

परतीच्या होडीत नावाड्याने तिला हिशेब शिकविला. तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीचे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हिशेब ढोबळ खरा, पण तो ठाऊक असता तर आमची ओहोटी हुकली नसती. पदवीधर मामा आणि पदवीधर भाचा या दोघांनाही तो ठाऊक नव्हता, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

ज्याच्या हाती दोन विमानांमधले चारच तास आहेत, त्याने कुलाब्याकडे फिरकू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्याने विमानतळावर एखादे चांगले पुस्तक वाचावे. त्यात कमीपणा नाही. मात्र ज्याच्यापाशी दिवस आहे, त्याने एकच स्थळ निवडावे, निघण्यापूर्वी तिथी पाहावी, आणि पाण्याने अडविलेच तर पाण्याशी भांडू नये. आमच्या भाच्याचे दोन समुद्रकिनारे राहून गेले, याची हळहळ त्याला अजून आहे. त्याच्या कन्येचे परवा पत्र आले. तिने पुढील वर्षीच्या सुटीतील तिथ्या पंचांगावरून लिहून काढल्या आहेत, आणि किल्ल्यात मुद्दाम अडकता येईल असा दिवस आम्हांस निवडावयास सांगितला आहे.