लोकसहभाग : वर्गणीपुरता की अधिकारापुरता?

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सरकारी परिभाषेत ‘लोकसहभाग’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. २००२ साली केंद्राने ‘स्वजलधारा’ सुरू केली, ती खर्चाचा दहा टक्के वाटा गावावर टाकून. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यात ‘जलस्वराज्य’ आले. २०१९ साली ‘जलजीवन मिशन’ने माणशी रोज ५५ लिटर पाणी, पाणी समितीत निम्म्या स्त्रिया आणि गावांतर्गत कामांच्या खर्चात पाच ते दहा टक्के वाटा अशी मांडणी केली. कागदावर आक्षेप घ्यावा असे यात फारसे काही नाही.

परंतु गाव सहभागी होते ते कशात? वर्गणीत, विजेच्या बिलात आणि ठरावाखालच्या सह्यांत. उद्भव कोठे घ्यायचा, जलवाहिनी कोणत्या वस्तीपर्यंत न्यायची, हे बहुधा आधीच ठरलेले असते. टाकी उभी राहते, नळ बसतात. फाल्गुन सरता सरता विहीर तळ गाठते आणि टँकर येतो. मग अहवालात ठपका येतो, तो ग्रामस्थांच्या उदासीनतेवर!

वस्तुतः विहीर आटण्याचे कारण पुष्कळदा शेजारच्या शिवारात असते. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हा साठा तुटपुंजा. ऊस वा फळबागेसाठी जवळपास खोल बोअर घेतली गेली की सार्वजनिक विहिरीचे पाणी तिकडे ओढले जाते. शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत विनापरवाना विहीर खोदण्यास मनाई केली होती. पण परवान्याचा अधिकार महसुली अधिकाऱ्यांच्या हाती होता, ग्रामसभेच्या नव्हे. २००९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. सर्वोच्च अधिकार राज्य पातळीवरील प्राधिकरणाकडे गेला. शिवाय ज्यांच्या बोअर चालतात, त्यांचाच शब्द समितीत चालतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

१९७४ साली पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तो शेतीच्या पाण्याचा होता. तरी त्यातील तत्त्व पिण्याच्या पाण्यास अधिकच लागू पडते. तेथे पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला. भूमिहीनाचाही हक्क मानला गेला आणि त्या पाण्यावर ऊस घेण्यास मज्जाव झाला. लोकांनी पैसेही भरले, परंतु वाटप ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. अलीकडच्या योजनांनी त्यातील वर्गणी तेवढी उचलली.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी वर्गणीच्या हिशेबाआधी उद्भवाचा प्रश्न मांडावा. विहिरीची पातळी भिंतीवर लिहिली जावी, आसपासच्या बोअरची मोजदाद व्हावी, वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीला प्रत्यक्षात किती लिटर मिळते ते स्त्रियांनी मोजावे. आणि पिण्याचा उद्भव आटू लागताच शेजारचा उपसा थांबविण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळावा, असा ठराव करून तो तहसील कचेरीत दाखल करावा.