पाच ताऱ्यांचा एसी, फिटिंग रामभरोसे

फेब्रुवारी सरत आला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टीव्ही मागे सरकतात आणि एसी दर्शनी भागात येतात. देशात आता वर्षाला एक कोटीहून अधिक घरगुती एसी विकले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जानेवारी २०२६ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे ‘बीईई’ने, तारांकनाचे निकष पुन्हा कडक केले. त्याआधी जून २०२५ मध्ये एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच ठेवण्याचा केंद्राचा विचार ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केला होता. किंमत, तारे आणि रिमोटवरचा आकडा या तिन्हींची भरपूर चर्चा झाली. एसी भिंतीवर टांगला जातो त्या तास-दोन तासांत काय घडते, याची मात्र झाली नाही. विजेचे बिल, यंत्राचे आयुष्य आणि खोलीतल्या हवेची प्रत यांतले बरेच काही त्याच वेळात ठरते.

चैन की औषध?

एसी ही श्रीमंतांची चैन, हा समज मागे पडत चालला आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले आणि त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्माघात प्रतिबंधक आराखडा उभा राहिला. उन्हाचा तडाखा दिवसा दिसतो, पण शरीराला सावरायला रात्र लागते. काँक्रीटच्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात तेव्हा ज्येष्ठ नागरिक, हृदयविकाराचे व मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांना ती विश्रांती मिळत नाही. अशा घरात एक थंड खोली असणे ही आरोग्याची गरज ठरते.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एसी किंवा कूलर यांपैकी काहीतरी असलेली कुटुंबे २४ टक्केच होती. म्हणजे देशातली बहुसंख्य एसी खरेदी अजून व्हायचीच आहे. ती चुकीची झाली, तर चूकही तेवढीच मोठी असेल.

नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही?

पहिला प्रश्न एसी हवाच का, हा आहे. त्याचे उत्तर हवेतल्या बाष्पावर अवलंबून असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करण्याची ती नैसर्गिक मर्यादा. वाळ्याच्या ताट्यांचा चांगला कूलर खोलीत २८-२९ अंशांची हवा सोडू शकतो, तेही एसीच्या तुलनेत फारच कमी विजेत. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हीच मर्यादा २८ अंशांच्या वर जाते. तिथे कूलर हवा जेमतेम थंड करतो आणि वर खोलीत दमटपणा ओततो. कोकण किनाऱ्यावर घाम वाळत नाही ही खरी तक्रार असते आणि तिच्यावर बाष्प काढून टाकणारा एसीच लागू पडतो. विदर्भात मात्र पावसाळ्याची चाहूल लागेपर्यंत कूलरला मोडीत काढण्याचे कारण नाही.

ज्याला तांत्रिक भाषेत ‘डक्टलेस’ म्हणतात, तो आपल्याकडचा नेहमीचा स्प्लिट एसी. घरभर हवेचे बोगदे न फिरवता एक पेटी आत, एक बाहेर आणि दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. आतली पेटी खोलीतली उष्णता शोषते, बाहेरची ती फेकून देते. ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारात हेच चक्र उलटे फिरते आणि तो हीटरच्या तुलनेत एक तृतीयांश विजेत खोली गरम करू शकतो. दिल्ली-चंदीगडला त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी त्यासाठी जादा पैसे मोजण्याएवढी थंडी पडत नाही.

टन म्हणजे वजन नव्हे

बर्फाची एक टनाची लादी २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता म्हणजे ‘एक टन’. ती सुमारे साडेतीन किलोवॉट भरते. ढोबळ हिशेबाने १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन पुरतो. पण हा हिशेब मधल्या मजल्यावरच्या सावलीतल्या खोलीचा. डोक्यावर थेट गच्ची, पश्चिमेची भिंत, मोठी काच किंवा हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर असेल, तर गरज वाढते.

म्हणून ‘एक साइज मोठाच घ्या’ हा सल्ला मात्र सरसकट बरोबर नाही. गरजेपेक्षा मोठा एसी काही मिनिटांतच ठरलेले तापमान गाठून थांबतो किंवा मंदावतो. हवा थंड होते, पण बाष्प निघायला वेळच मिळत नाही. मुंबई-ठाण्यात ‘एसी लावला की गार लागतं, तरी चिकचिकतं’ ही तक्रार अनेकदा यातूनच येते. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसी हा दोष कमी करतो, पुसून टाकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी आहे. एसीची जाहीर क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. पारा ४५ वर गेला की ती घटते. तिथल्या ग्राहकाने माहितीपत्रकात चढ्या तापमानाला मिळणारी क्षमता बघून घ्यायला हवी.

यंत्र मोठे घेण्याआधी उष्णता आत येण्याची वाट अडवणे केव्हाही स्वस्त. गच्चीवर चुना किंवा पांढरा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चिक, दाराच्या फटीला रबरी पट्टी एवढ्यानेही काही घरांत दीडऐवजी एक टनात भागते.

ताऱ्यांचा हिशेब

तारे ठरतात ते वर्षभराच्या कार्यक्षमतेवरून. बाहेर २४ ते ४३ अंश अशा बदलत्या तापमानात आणि वर्षाला १६०० तास वापर धरून ही आकडेमोड होते. लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडाही याच १६०० तासांचा असतो. जुलै २०२२ च्या निकषांनुसार दीड टनाच्या पाच तारांकित एसीवर साधारण ७५० युनिट, तर तीन तारांकित एसीवर ९५० ते १००० युनिट लिहिलेले दिसत. फरक सव्वादोनशे युनिटच्या आसपास. दहा रुपये युनिट धरले, तर वर्षाला सव्वादोन हजार रुपये.

पण फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री आठ-नऊ तास एसी लावणाऱ्या घराचा वापर जेमतेम ५०० तास होतो. त्या घरात हीच बचत सातशे रुपयांवर येते आणि पाच ताऱ्यांसाठी आठ-दहा हजार जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला यंत्राचे सगळे आयुष्य लागू शकते. याउलट मुंबईत मार्च ते नोव्हेंबर एसी चालवणाऱ्या कुटुंबाला पाच तारे परवडतात. महावितरणच्या दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. एसीचे युनिट हे बिलातले वरचे, म्हणजे महागड्या टप्प्यातले युनिट असतात.

दुकानात जुना आणि नवा माल शेजारी असतो तेव्हा आणखी एक घोळ होतो. निकष कडक झाले की कालचा पाच तारांकित एसी आज चार ताऱ्यांचा ठरतो. ताऱ्यांखाली छापलेला लेबलचा कालावधी आणि युनिटचा आकडा पाहिला, तर सवलतीतला ‘पाच तारा’ नक्की कोणत्या वर्षाचा आहे हे कळते.

भिंतीवरचे दोन तास

ही सारी मोजमापे प्रयोगशाळेतली असतात. तिथे नळ्या अचूक जोडलेल्या असतात आणि गॅस ग्रॅमवर तोललेला असतो. घरात कारागिराच्या हाती छिन्नी, पाना आणि पुढच्या घरी पोहोचण्याची घाई असते. ऐन मोसमात त्याला दर फिटिंगमागे पैसे मिळतात आणि दिवसाला अनेक घरे उरकायची असतात.

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती व्हॅक्यूमची. नळ्या जोडल्यावर त्यांत अडकलेली हवा आणि बाष्प पंपाने खेचून काढायचे असते. पंप किमान १५-२० मिनिटे चालवायचा, मग बंद करून गेजचा काटा जागचा हलत नाही ना हे पाहायचे. घाईत त्याऐवजी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ‘फुंकून’ काढली जाते. असा एसी पहिल्या दिवशी उत्तम गार करतो, त्यामुळे ग्राहकाला शंका येत नाही. आत राहिलेले बाष्प मात्र कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि यंत्र आतून झिजत जाते.

दुसरी दुखरी जागा म्हणजे नळीच्या टोकाचा जोड. तो तिरका बसला किंवा नट जास्त आवळला की गॅस हळूहळू झिरपतो. पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपला, भरावा लागेल’ असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी, की एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहणे, ही पाच मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. खाडी किंवा उघड्या नाल्याजवळच्या इमारतींत तर हवेतले वायूच तांब्याला पोखरतात; तिथे कॉइलवर संरक्षक लेप असलेले मॉडेल घेणे हिताचे.

तिसरा प्रश्न बाहेरच्या पेटीच्या जागेचा. दीड टनाचा एसी खोलीतली पाच किलोवॉट उष्णता आणि स्वतः वापरलेली वीज मिळून साडेसहा किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. अनेक इमारतींत बाहेरच्या पेट्या मागच्या बंदिस्त डक्टमध्ये एकावर एक टांगलेल्या दिसतात. खालच्या मजल्याने टाकलेली गरम हवा वरच्या मजल्याची पेटी ओढून घेते आणि सगळ्यांचीच बिले वाढतात. वर त्या डक्टमध्ये दुरुस्तीसाठी उतरणारा कारागीर बहुतेक वेळा पट्ट्याविना लोंबकळत असतो. ही जागा ठरवणे एका ग्राहकाच्या हाती नाही, ते सोसायटीचे आणि बिल्डरचे काम आहे.

जुन्या घरांत विजेची तारही तपासावी लागते. एसीला स्वतंत्र लाइन, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि खरोखर जमिनीपर्यंत पोहोचणारे अर्थिंग हवे. एक्स्टेंशन बोर्डावर एसी चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

बंद खोलीतली हवा

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दारे-खिडक्या बंद करून तिघे-चौघे झोपले की सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट होतो. डोके जड वाटणे किंवा झोप पुरी न झाल्यासारखे होणे याचे खापर एसीच्या गारव्यावर फुटते, पण अनेकदा दोष कोंडलेल्या हवेचा असतो. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात एसीच्या झोतातल्या शेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना करोनाची लागण झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले होते. घरात कोणी खोकत असेल तर खिडकी थोडी किलकिली ठेवावी. थोडी वीज जास्त जाईल, पण ती वाया गेलेली नसेल. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुतली, तर धूळ आणि बुरशीही आटोक्यात राहते.

तापमानाचे गणितही सोपे आहे. बीईईच्या अंदाजाने रिमोटवरचा आकडा एक अंशाने वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात. २६ अंश आणि सोबत मंद पंखा ठेवला, तर शरीराला तेवढाच गारवा जाणवतो आणि पहाटे चादर ओढावी लागत नाही.

कारागिरालाही तारे हवेत

फिटिंगचा प्रश्न एका घरापुरता नाही. सध्याच्या बहुतेक एसींत आर-३२ गॅस असतो. तो वातावरणात गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ घडवतो. जुन्या आर-४१०ए चा हाच आकडा दोन हजारांच्या वर जातो. प्रोपेनवर चालणाऱ्या एसीत तो नगण्य असतो. मात्र प्रोपेन ज्वलनशील आणि आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने ते हाताळायला प्रशिक्षित माणूसच लागतो. किगाली करार भारताने २०२१ मध्ये मंजूर केला. त्यानुसार असे वायू २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून कमी करत जायचे आहेत. ‘फुंकून’ सोडलेला किंवा जोडातून झिरपलेला गॅस या हिशेबात कोणी धरत नाही.

मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. वर्षाला कोटीभर एसी बसवणाऱ्या देशाला ते पुरेसे नाहीच, शिवाय घरी आलेला माणूस प्रमाणित आहे की नाही हे कळण्याची सोय ग्राहकाकडे नाही. यंत्रावर लेबल सक्तीचे आहे, तसे फिटिंगच्या पावतीवर प्रमाणपत्राचा क्रमांक, व्हॅक्यूम किती मिनिटे केला आणि गळतीची तपासणी झाली की नाही, एवढ्या तीन ओळी सक्तीच्या करायला मोठा खर्च येणार नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती एक साधा उपाय आहे. फिटिंगची वेळ ठरवतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणि गेज आणणार ना?’ असे विचारायचे आणि पंप चालू असेपर्यंत कारागिराला घाई न करता बसू द्यायचे. चाळीस हजारांच्या यंत्राचे पुढे काय होणार, हे त्या वीस मिनिटांत बरेचसे ठरलेले असते.